चौदावा शेवट

हे लिहायला मला चार महिने लागले. या सदरातले गूढ अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात प्रत्येकाचं उत्तर शोधत वाचतो. वारा असेल, थकवा असेल, आठवणीची गडबड असेल... मी बी.एस्सी. फिजिक्स आहे. जळकोट तालुक्यातल्या आमच्या घरातला पहिला पदवीधर. सध्या नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करतो. मुलांना प्रत्येक रीडिंग तीनदा घ्यायला लावणं हेच माझं काम, त्यामुळे ‘एकदाच दिसलं’ या गोष्टीला माझ्या लेखी किंमत नव्हती. माझ्या बाबतीत घडलं ते मात्र एकदाच. तेही भर दुपारी, तरोडा नाक्याजवळच्या माझ्या खोलीत, कूलर चालू असताना, लॅपटॉपवर.

आधी अक्काबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

अक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आणि घरी बसली. मी अकरावी-बारावीला लातूरच्या क्लासला आलो तेव्हा माझ्यासोबत कुणीतरी राहायला हवं होतं. लातुरात हे नवीन नाही. गल्लीगल्लीत अशा भाड्याच्या खोल्या आहेत, जिथून मुलगा सकाळी क्लासला जातो आणि आई, आजी नाहीतर बहीण मागे स्वयंपाक करून त्याची वाट बघते. आईला शेत सोडता येत नव्हतं. अक्का आली. दोन वर्षं तिनं माझ्यासाठी भाकरी थापल्या, कपडे धुतले, पहाटे उठवलं. आज मी चार ओळी नीट लिहू शकतो ते तिच्यामुळे. हे मी कॉलेजच्या सत्कारात बोललोसुद्धा होतो. टाळ्या पडल्या होत्या.

मी क्लासला गेलो की ती माझी पुस्तकं वाचायची. एक दिवस म्हणाली, बाहेरून बारावीला बसायचं. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो भरायचा. तिनं आपली टी.सी., मार्कमेमो आणि फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला दिले. फॉर्म जिथं घेत होते ते कॉलेज माझ्या क्लासच्या रस्त्यावरच होतं.

माझी टेस्ट सिरीज चालू होती. पिशवी सॅकच्या मागच्या कप्प्यात राहिली. हाताला लागली तेव्हा तारीख उलटून गेली होती. लेट फी भरून आणखी आठ दिवस मिळत होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी चौकशीही केली नाही. घरी आलो आणि म्हणालो, “अक्का, फॉर्म दिला होता. बोर्डानं बाद केला. दहावीनंतर लई गॅप पडला, आता तुझं चालत न्हाई म्हणाले.”

विसरलो म्हणालो असतो तर तिनं पुढच्या वर्षी भरला असता. ‘आता चालत न्हाई’ म्हणालो, म्हणून तिनं पुन्हा कधी विचारलंच नाही.

ती तव्यापाशी होती, पाठ माझ्याकडे. वळली नाही. म्हणाली, “असू दे. हात धू. भाकर निवून चालली.”

पुढे अक्काचं लग्न झालं, नायगावजवळच्या एका गावात. मला डिग्री मिळाली, नोकरी लागली. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. गावातल्या अंगणवाडीच्या बाईंची जागा रिकामी झाली होती. अक्कानं अर्ज नेला होता, पण अट बारावी पासची.

“दहावीवर न्हाई चालत म्हणं. चुलत जावेचं झालं. तिला बारावीला पस्तीस टक्के हायत.”

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय. एका गावात एकच जागा. ती रिटायर होईल तवा मी म्हातारी.” आणि हसली. मी ‘हं’ म्हणालो. त्या दिवशी सांगता आलं असतं.

आता गेमबद्दल. ज्यांना गेम म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांनी एवढंच समजा, की ही कादंबरीसारखी गोष्ट असते आणि त्यात ठिकठिकाणी काय करायचं ते आपण ठरवायचं. जे ठरवू तशी गोष्ट वळते. नाव देत नाही, कारण बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही. या गेममध्ये एकूण चौदा शेवट होते. चौदाही बघितले की यादीवर ‘शंभर टक्के पूर्ण’ असं येतं.

मला ही पूर्ण करायची खोड लातूरनं लावली. आमच्या क्लासचे सर सांगायचे, नुसतं बरोबर उत्तर लिहून भागणार नाही, उरलेले तीन पर्याय चूक का आहेत तेही वहीत लिहून काढा. मी दोन वर्षं प्रत्येक प्रश्न तसा सोडवला. गेमही तशीच खेळायचो. आधी चांगला रस्ता, मग सगळे वाईट रस्ते, एकेक करून. त्यात मी गाव जाळलं. सोबतच्या मित्राला शत्रूच्या ताब्यात दिलं. काही वाटलं नाही. टिक झाली की पुढे.

अडलो चौदाव्याला. खाडीच्या काठावर दिवा सांभाळणारी एक बाई असते. ती तुमच्याकडे एक अर्ज देते, पलीकडच्या शहरात पोहोचवायला. तो मंजूर झाला तर तिला तिथून सुटता येणार असतं. चौदावा शेवट हवा असेल तर अर्ज पोहोचवायचा नाही, परत यायचं, आणि तीन पर्यायांपैकी तिसरा निवडायचा – ‘दिला होता, त्यांनी नाकारला असं तिला सांगा.’

वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला. महिनाभर ती गेम उघडली नाही.

माझा मित्र अजीमभाई याचं जुन्या नांदेडात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेम त्यानंच सुचवली होती. त्याला माझी यादी ऑनलाइन दिसायची.

“सर, तो चौदावा करून टाका ना,” तो म्हणाला. मला तो मुद्दाम सर म्हणतो. “एक बटन तर दाबायचंय. ती बाई काय तुमची सगी लागते का?”

“करतो ना.”

“महिना झाला करून राहिले तुम्ही. इतक्यावर येऊन माणूस थांबतो का कुठं?”

त्याला कारण माहीत नव्हतं. मला होतं, आणि त्याचीच लाज वाटते. खरी बहीण फोनवर हसली तेव्हा मला घाम फुटला नव्हता. पडद्यावरच्या चित्रापुढं फुटला.

मे महिन्यातला रविवार. दुपारचे अडीच वाजले असतील. डोक्यात ती अपुरी यादी टोचत होती म्हणून बसलो. या शेवटाचे व्हिडिओ मी आधीच बघितले होते, म्हणजे काय येणार ते मला पाठ होतं – बाई काही बोलत नाही, दिवा विझवते, अंधार होतो, नावं येतात. संपलं.

मी तिसरा पर्याय दाबला.

बाई विझवायला दिव्याकडे वळली नाही. तिनं माझ्याकडे पाठ केली आणि खाली वाकली. या गेममध्ये प्रत्येक वाक्याला आवाज आहे. आता आवाज काहीच आला नाही, फक्त खाली इंग्रजी अक्षरं उमटली. आपल्या भाषेत सांगायचं तर – असू दे. हात धू. भाकरी थंड होत चाललीय. भाकरीच्या जागी इंग्रजी शब्द ‘ब्रेड’ होता, एवढाच फरक.

मग अंधार. मग नावं.

कूलरमधलं पाणी संपून तो घरघरायला लागला तेव्हा उठलो. फोनचा कॅमेरा लावून तोच प्रसंग पुन्हा खेळलो. बाईनं मुकाट दिवा विझवला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा – तसंच. सवयीनं मी स्वतःलाच म्हणालो, तीन रीडिंगमध्ये आलं नाही, म्हणजे भास. पण गेममध्ये आतापर्यंत झालेल्या सगळ्या संवादांची एक नोंद राहते. ती उघडली. पहिल्या वेळच्या नोंदीत शेवटची ओळ तीच होती.

लॅपटॉप तसाच उचलून अजीमभाईच्या दुकानात गेलो. ओळीत काय आहे ते सांगितलं नाही, फक्त म्हणालो, शेवटची ओळ वाच. त्यानं मोठ्यानं वाचली. म्हणजे ती मला एकट्याला दिसत नव्हती.

“हे कुठून आलं? हा सीन तर मुका हाय,” तो म्हणाला. मग त्यानं गेमच्या फाइल्स उघडल्या. सगळे संवाद ज्या फाइलमध्ये असतात ती शोधली. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यानं मान वर केली नाही. अर्ध्या तासानं खुर्ची मागे सरकवली.

“सर, ही लाइन कुठंच न्हाई. लाइन सोडा, पूर्ण गेममधी ब्रेड हा वर्डच न्हाई. ती लोकं मासे खातेत. मासे हायत, मीठ हाय. ब्रेड न्हाई.”

“कुणी बाहेरून घातली असेल? व्हायरस वगैरे?”

“तुमच्याच लॅपटॉपमधी, तुमच्याचसाठी? आणि असली लाइन?” तो माझ्याकडे बघत राहिला. “सर, कोन हाय ही?”

मी सांगितलं. दहा वर्षांत पहिल्यांदा. लातूरची खोली, पिशवी, बोर्ड, सगळं. त्यानं लॅपटॉप मिटून माझ्यापुढे सरकवला. शेवटी म्हणाला, “मग मला कायको सांगून राहिले? तिला सांगा.”

पुढच्या रविवारी एस.टी.नं नायगाव गाठलं, तिथून ऑटोनं गाव. जाण्याआधी आमच्या कॉलेजातून सतरा नंबरच्या फॉर्मची सगळी माहिती छापून घेतली होती. अक्का शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती.

“न सांगता कसा आलास? आई बरी हाय ना?”

“बरी आहे. दाजी कुठं?”

“गेलेत बाजाराला. वाळलास किती. नांदेडात खायला घालत न्हाईत का तुला?”

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर बोलू शकलो नसतो. मशीन थांबली.

“पिशवी कुठं होती?” तिनं विचारलं.

“सॅकमधी. मागच्या कप्प्यात.”

“म्हंजे तू गेलाच न्हाईस.”

“न्हाई.”

“बोर्डानं कायच म्हनलं न्हाई.”

“न्हाई.”

ती सुईतला दोरा ओढत राहिली. “मी दहा वर्षं त्या बोर्डाला शिव्या देऊन राहिले,” ती म्हणाली. “पोरीला सांगते, तुझी आई हुशार होती, बोर्डानं बसू दिलं न्हाई.”

मी पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले.

“आज का सांगून राहिलास? हिवाळ्यात फोन केला तवा का न्हाई?”

मग मला गेमचं सांगावं लागलं. बाई, अर्ज, तिसरा पर्याय, ती ओळ. मला वाटलं ती घाबरेल, निदान चकित होईल. तिनं शांतपणे ऐकलं.

“बटन दाबलंस का पण तू?”

“हाव.”

“माहीत असून?”

“यादी पूर्ण करायची होती, अक्का.”

“आणि आता माझ्याकडं आलास. ही बी यादीतच असंल.” आवाज चढला नव्हता. “तुझं झालं पूर्ण. मोकळा झालास. माझं काय झालं, सांग की.”

मी छापलेले कागद पुढे केले. म्हणालो, अजून बसता येतं, मी सगळं करतो, फॉर्मपासून पुस्तकांपर्यंत...

“तू न्हाई,” ती म्हणाली. “कागद तिथं ठेव. तुझ्या हातात मी परत काय देणार न्हाई.”

मी कागद ठेवले आणि चपला घालायला लागलो. जेवून जा म्हणाली नाही. आमच्यात असं कधी झालं नव्हतं. मी ओसरीवरून उतरत असताना तिनं आतूनच विचारलं, “त्या बाईचं पुढं काय होतं?”

“कुठल्या?”

“तुझ्या खेळातल्या.”

“काही नाही. तिथं गेम संपते.”

“तुझी संपते,” अक्का म्हणाली, आणि मशीन चालू केली.

त्या दिवसापासून तिचा फोन नाही. मी केला तर दाजी उचलतात, कामात आहे म्हणतात. आई विचारते, तुमचं बहीण-भावाचं काय बिनसलं? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. पुन्हा खोटंच.

त्या ओळीचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. अजीमभाई आता म्हणतो, एखाद्या अपडेटमध्ये काही घोळ झाला असेल, पण त्याचाही त्यावर विश्वास नाही. नोंद अजून लॅपटॉपमध्ये आहे, त्याच जागी. तांत्रिक माहिती असलेल्या कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. लातूरच्या त्या खोलीत अक्का आणि मी दोघंच होतो आणि ते शब्द मी कुठं लिहून ठेवलेले नाहीत, एवढं नक्की सांगू शकतो.

यंदाच्या सतरा नंबरच्या फॉर्मची सूचना आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागली आहे. येता-जाता दिसते. मुदतीचे थोडे दिवस उरलेत. अक्कानं भरला की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.