टाकीचं पाणी आणि शेठची बाटली

पोहण्याच्या टाकीवर काम करणाऱ्याकडे किस्से पाल्यासारखे जमतात. सकाळी जाळीने काढा, दुपारी पुन्हा तेवढेच तरंगतात! सिव्हिल लाइन्समधल्या एका वकीलसाहेबांच्या बंगल्यात टाकी आहे. तिथलं पाणी माझा दादा सांभाळायचा. दोन महिन्यांपूर्वी तो तापाने गेला. आता त्याची पाणी तपासायच्या थेंबांची पेटी माझ्याकडे आहे. कामाचं मात्र साहेब म्हणाले, "बघू."

दादाची शाळा सोपी. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीनची पावडर असली की रंग पिवळा होतो. पेटीतला रंगांचा कागद केव्हाच विटला होता. दादा म्हणायचा, "कागद कायले पाहिजे? लिंबू सरबत दिसलं तर मस्त. चहा दिसला तर कोणाले उतरू देऊ नको."

मी चौथीत शाळा सोडली, पण सरबत ओळखतो!

* * *

दादाचा दुसरा नियम : वरवरचं पाणी घ्यायचं नाही, कोपरापर्यंत हात बुडवायचा. पहिल्याच दिवशी मी घाईत खांद्यापर्यंत घातला आणि कपड्यांसकट आत!

साहेबांच्या आई, म्हणजे आमच्या आजी, गुडघ्यांसाठी रोज पाण्यात चालतात. त्या तिकडून ओरडल्या, "पाणी तपासून राहिला का आंघोळ करून राहिला गा?"

* * *

मग शंका नको म्हणून बाटली भरून सायकलने इतवारीच्या बाजारात गेलो. पावडर विकणारे शेठ दुकानातच पाणी तपासून देतात. त्यांनी थेंब टाकले. रंग काही येईना.

"अरे बाबू, यात पावडरच नाही! पाच किलो टाक."

मी पाचही किलो टाकली. दुसऱ्या दिवशी आजी लाल डोळे घेऊन बाहेर आल्या. "हे पोहायचं पाणी आहे का धुण्याचं?"

साहेबांनी ऐकलं. म्हणाले, "रविवारी शेठला बोलावतो. पाणी बिघडलेलं निघालं तर काम त्यांच्या माणसाला."

* * *

मी डोकं धरून बसलो. नळीतला चहा फिका होईपर्यंत पावडर बंद ठेवली. मग एक केलं. बाटली भरली, टाकीवरच तपासली. पिवळी! तीच बाटली उन्हातून इतवारीपर्यंत नेली आणि दुकानाच्या पायरीवर पुन्हा तपासली. एकदम कोरी! पावडर रस्त्यातच उडाली होती.

दादा सांगायचा, "पाण्याले फिरायले नेऊ नको." मला वाटायचं, मस्करी करतो.

* * *

शनिवारी नळीत बरोबर सरबत उतरलं. मी जोरात ओरडलो, "दादा, पाह्य!"

माळीकाका झाडाआडून म्हणाले, "कोणाले आवाज देऊन राहिला गा?"

मी नळी तशीच धरून उभा राहिलो. काका आले, नळीकडे पाहिलं. "आण, मी पाहतो. चांगला आहे रंग."

* * *

रविवारी शेठ आले. बाटली भरली आणि निघाले. मी बाटलीच धरली.

"इथंच तपासा!"

"सामान दुकानात आहे, बाबू."

मी दादाची पेटी उघडून पुढे केली. शेठनी स्वतःच्या हाताने थेंब टाकले. नळी उन्हात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. लिंबू सरबत!

"काय म्हणता?" साहेबांनी विचारलं.

शेठनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, काठावर बसले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. साहेब बघतच राहिले.

कमरेएवढ्या पाण्यातून आजींनी विचारलं, "मंग शेठ, किती किलो टाकायची?"

शेठ पाय हलवत म्हणाले, "चौदा वर्षं झाली माल विकून राहिलो, आजी. पाण्यात पाय आज टाकला. बसू द्या थोडं!"