कुटाशिवाय जेवण मागितलं तेव्हा

आमच्या नगर जिल्ह्यात स्वयंपाक करणारा माणूस एक वेळ मीठ विसरेल, दाण्याचं कूट विसरणार नाही. वांग्यात कूट, मेथीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आणि उपासाला तर कुटातच चवीपुरता साबुदाणा. माझ्या बहिणीच्या पाच वर्षांच्या मुलीला नेमकी शेंगदाण्याचीच ॲलर्जी आहे. अंगावर चार गांधी उठल्या आणि गेल्या, अशातली नाही. दोन वर्षांची असताना अर्धा दाणा पोटात गेला, तर ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि बहिणीनं तिला भिंगारहून नगरच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात छातीशी उभी धरून नेलं. तेव्हापासून पोरगी, ज्यात काही लपवता येत नाही असंच खाते. मोकळा भात, बिनफोडणीचं वरण, कोरी चपाती, भाजलेला पापड. चपातीवर काळा डाग दिसला तरी ताट सरकवते. लोक याला नखरे म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं!

डिसेंबरच्या सुट्टीत बहीण, दाजी, ती आणि मी असे चौघे तीन दिवस भंडारदऱ्याला निघालो. तीन दिवस बाहेरचं जेवण. बहिणीला आठवडाभर आधीपासून झोप नव्हती. मी म्हटलं, काळजी सोड, मी पत्रक काढते. पाण्याच्या टँकरवर, शाळेच्या मुताऱ्यांवर, उखडलेल्या रस्त्यावर मी पत्रकं लिहिते, वाटते आणि शिव्या खाते. माझा या प्रकारावर विश्वास आहे. ठळक अक्षरांत लिहून हातात दिलं की माणसाला 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. गुलाबी कागदावर मजकूर छापून घेतला: 'या मुलीला शेंगदाणा विषासमान आहे. शेंगदाणा म्हणजे कूटही, चटणीही, तेलही, आणि चटणीत बुडालेला चमचाही!'

संगमनेरच्या अलीकडे एका ढाब्यावर पहिलं पत्रक दिलं. वेटर पन्नाशीचा होता. त्यानं ते उलटंसुलटं पाहिलं.

"कोन्त्या पक्षाचं हाय, ताई?"

"पक्षाचं नाही. वाचा. मुलीला शेंगदाणे चालत नाहीत. भाजीत आहेत का?"

"न्हाई न्हाई. आमी भाजीत शेंगदाणे कशाला घालू?"

भाजी आली. बहिणीनं बोटावर रस्सा घेऊन चाखला आणि वाटी बाजूला केली. "यात कूट आहे."

"कूट तर असनारच की," तो म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "कुटाबिगर रस्सा दाट कसा व्हनार?"

मी त्याला झापायला सुरुवात केली, तर दाजी खाली मान घालून म्हणाले, "जाऊ दे ना, लोकं बघतायत." माझे दाजी कॅन्टोन्मेंटच्या ऑफिसात कारकून आहेत. लोक बघतायत ही त्यांच्या मते जगातली सर्वांत मोठी आपत्ती आहे. पोरीनं घरून आणलेल्या डब्यातली कोरी चपाती खाल्ली. जाताना पाहिलं, तर शेजारच्या टेबलावर गरम भजी माझ्या पत्रकावर तेल सोडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धरणाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात गेलो. बाहेर 'घरगुती चव' अशी पाटी, आत पर्यटकांचा कालवा. यांना धरण बघायचं नसतं. धरणासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा असतो आणि मग मासवडी चापायची असते. मॅनेजर गल्ल्यावरून न उठताच म्हणाला, "ताई, सगळ्यांना सगळं चालतं हो. थोडं थोडं द्यायचं म्हणजे सवय होते." मी पत्रक पुढे केलं. त्यानं ते न वाचता गल्ल्याच्या काचेखाली सरकवलं. तिथे आधीपासून तीन लग्नपत्रिका होत्या.

बहीण माझ्यासारखी नाही. ती वाद घालत नाही. ती सरळ आत भटारखान्यात गेली आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना म्हणाली, "मावशी, माझ्यासमोर कोऱ्या पातेल्यात भात टाकता का? मी थांबते इथंच." बाईंनी मान हलवली, पातेलं दोनदा घासलं आणि भात टाकला. तव्यावर आधी पोरीसाठी दोन चपात्या भाजल्या. एवढं साधं काम. पण ते होईपर्यंत अर्धा तास बहीण आत, दाजी गाडी लावायला जागा शोधत बाहेर, आणि पोरगी माझ्या ताब्यात. मला भूक लागली होती. मी भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी मागवली आणि जेवायला लागले. चटणीत दाणे होते. मला दाणे चालतात.

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षक बसले होते. नातवंडांना 'असं बस, तसं खा' चाललं होतं, त्यावरून पेशा कळला. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि आमच्या पोरीपुढे धरला.

"घे बाळ. का गं, खात का नाहीस?"

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"तिला ॲलर्जी आहे," मी म्हटलं.

"ॲलर्जी!" गुरुजी हसले. "आमच्या पिढीत कुणाला नव्हतं बरं का हे. आम्ही खिशात शेंगा भरून शाळेत जायचो. हे बघ बाळ, आजोबा खातात. झालं काही आजोबांना?"

"तुम्हाला होत नाही," ती हाताआडून म्हणाली. "मला होतं."

"अगं, मनातली भीती असते ती! एक दाणा. एकच."

लाडू आणखी पुढे आला. ती खुर्चीत मागे सरकली आणि रडायला लागली. मग मी उभी राहिले.

मी काय काय बोलले ते सगळं आठवतं, कारण मला ते आवडलं होतं. तुमच्या पिढीत कुणाला नव्हतं म्हणता. ज्यांना होतं ती पोरं गेली आणि तुम्ही त्याला देवाची मर्जी म्हणून मोकळे झालात. वर्गात पट्टी मारून गप्प बसवायची सवय लागली ती हॉटेलातही सुटत नाही. डॉक्टरनं लिहून दिलेलं खोटं आणि तुमचा लाडू खरा! बोट नाचवत बोलत होते. तेवढ्यात स्वयंपाकीण बाईंनी पोरीची ताटली आणून ठेवली: मोकळा भात आणि कोरी चपाती. पोरगी हुंदके देत होती. बोलता बोलताच मी चपातीचा तुकडा तोडला आणि तिच्या तोंडात घातला. तिनं आ केला. तुकडा तिची मावशी भरवत होती ना. गुरुजींना आणखी दोन वाक्यं ऐकवायची राहिली होती, ती मी ऐकवली.

बहीण दुसरी चपाती घेऊन भटारखान्यातून बाहेर आली तेव्हा पोरगी ओठ खाजवत होती.

बहिणीनं तिची हनुवटी वर केली. खालचा ओठ सुजायला लागला होता. "काय खाल्लंस?"

"चपाती. मावशीनं दिली."

बहिणीनं माझा उजवा हात धरला आणि नाकाजवळ नेला. नखांत चटणी होती. तिनं पर्समधून औषधाची बाटली काढली, पोरीला पाजलं आणि दाराकडे धावली.

दाजींची गाडी दोन बसगाड्यांच्या मागे अडकली होती. गुरुजींची गाडी दारात होती. ते लाडू तसाच टाकून उठले, किल्ली काढली आणि म्हणाले, "बसा. जवळचा दवाखाना मला माहीत आहे." बसलो. घाटातून गाडी त्यांनी अशी काढली की मला त्यांचा आदर वाटायला हवा होता. पण ते वाटभर बोलत होते. मुलांना माती लागली पाहिजे, प्रतिकारशक्ती, बाटलीबंद पाणी. मागे पोरीच्या मानेवर लाल चकंदळं उठत होती, बहीण तिचा श्वास मोजत होती, आणि मी हात मांडीखाली दाबून बसले होते. एकदा आरशातून माझ्याकडे बघून ते म्हणाले, "मी दिला नव्हता हं लाडू." नव्हताच दिला. त्या माणसाचं ते एक वाक्य मला खोडता आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि चार तास समोर बसवून ठेवलं. श्वासापर्यंत गेलं नाही. सूज उतरली. पोरगी खाटेवर पाय हलवत बसली आणि तिनं विचारलं, "मावशी, तू मुद्दाम केलंस?"

"नाही गं."

"आजोबा मुद्दाम करत होते."

"हो."

"मग तू का केलंस?"

चमचासुद्धा मी ठळक अक्षरांत छापला होता. स्वतःचा हात छापायचा राहिला होता, कारण तो माझा होता.

त्यानंतर तिनं जेवण सोडलं. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. बहिणीनं मुक्कामाच्या हॉटेलवाल्याकडून चूल मागून घेऊन स्वतः भात केला, तरी दोन शितं चिवडून तिनं ताटली सरकवली. "तुझेपण हात आहेत," ती आईला म्हणाली. ठरल्या वेळेआधीच आम्ही परत निघालो.

वाटेत अकोले गावात रस्त्याच्या कडेला एक बाई केळी विकत बसल्या होत्या. पोरगी गाडीतून म्हणाली, "ते." दाजींनी करकचून ब्रेक मारला. आम्ही उतरलो. बाईंनी कौतुकानं एक केळं तोडलं आणि सोलायला घेतलं, तशी ही दोन पावलं मागे गेली.

"मी सोलणार."

"आगं, चिखल करशील त्याचा. आन हिकडं."

"मी."

"लई हट्टी हाय वो पोरगी तुमची," बाई मला म्हणाल्या. एरवी यावर माझ्याकडे दोन पानांचं उत्तर असतं.

"हाय," मी म्हटलं.

बाईंनी न सोललेलं दुसरं केळं दिलं. तिनं ते फ्रॉकला पुसलं. देठ तुटेना. दातानं तोडला. साल तीन ठिकाणी फाटली, अर्ध्या केळ्याचा लगदा बोटांतून गळाला. माझे हात दोनदा पुढे गेले आणि दोनदा मी ते मागे घेतले. उरलेलं तिनं खाल्लं. मग बोटं चाटली.

"अजून," ती म्हणाली.

मी घड दांड्याला धरून उचलला आणि तिच्या उंचीला नेऊन धरला. तिनं माझ्या बोटांपासून सर्वांत लांबचं केळं निवडलं, दोन्ही हातांनी पिरगाळलं आणि तोडून घेतलं.