सूर्यास्त समाधानकारक

वाळवंटात एक संध्याकाळ काढून आलं की पुढचे तीन महिने वाळू सापडत राहते. पर्सच्या तळाशी, पासपोर्टच्या पानांत, एकदा तर मला मोहरीच्या डब्यात सापडली. किश्श्यांचंही तसंच. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं आणि पुढची दोन-तीन, अशी सात वर्षं मी बर दुबईच्या एका टूर कंपनीच्या काउंटरवर बसले. काम एकच, डेझर्ट सफारीची बुकिंगं घेणं. दुपारी साडेतीनला गाडी, वाळूच्या टेकड्यांवर आदळआपट, सूर्यास्त, उंट, मेंदी, जेवण, नाच आणि साडेनऊला घरी. नोकरी सोडूनही आता बराच काळ झाला, पण कुणी 'आम्ही दुबईला जाऊन आलो' म्हटलं की माझ्याकडून एखादा किस्सा सांडतोच.

कंपनीत मराठी दोघंच. मी आत, एसीत आणि विकास दिघे बाहेर, उन्हात. दिघे डोंबिवलीचा. गाड्या, ड्रायव्हर, कॅम्प, जेवण, सगळं त्याच्या गळ्यात. मालकाला आम्ही 'मुदीर' म्हणायचो, म्हणजे साहेब. जुन्या दुबईत वाढलेला माणूस, हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलायचा, पण देवनागरीचं एक अक्षर त्याला वाचता यायचं नाही. हे जरा लक्षात ठेवा.

आणि वही! कॅम्पच्या दाराशी एक हिरवी वही दोरीने बांधलेली असायची. निघताना पाहुण्यांनी तीत अभिप्राय लिहायचा. दर शनिवारी सकाळी मुदीर ती समोर घेऊन बसायचा. इंग्रजी स्वतः वाचायचा, मराठी आणि हिंदी मी वाचून दाखवायचे. चांगलं लिहिलेलं असलं तर ते कंपनीचं नाव आणि वाईट असलं तर तो दिघेचा दोष, अशी सरळ वाटणी होती.

*

मुलुंडच्या एक बाई करामाला बहिणीकडे उतरल्या होत्या. त्यांनी फोनवर आधी दीडशे दिरहमचे सतराशे रुपये केले, एवढ्यात माथेरान दोनदा होतं हे मला ऐकवलं आणि मग विचारलं, सूर्यास्त किती वाजता ठेवलाय? मी म्हटलं, पावणेसहाला.

"अगंबाई! आमच्या ह्यांना त्या वेळेला चहा लागतो. थोडा पुढे नाही का ढकलता येणार?"

दिघेला विचारून सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला. सात वर्षांत मी शिकलेली ही एवढीच युक्ती, आणि ती सगळ्या प्रश्नांना चालायची.

*

दिघे प्रत्येकाला बजावायचा की दुपारी पोटभर जेवू नका, गाडी वाळूत फार उडते. पण दुबईतल्या मराठी घरी पाहुणा आला की त्याला दुपारी श्रीखंड-पुरी खाऊ घातल्याशिवाय यजमानांना चैन पडत नाही. असे एक गृहस्थ आले, वाहतूक खात्यातून निवृत्त झालेले. पहिल्या टेकडीवर ते हसले. दुसरीवर ड्रायव्हरला 'हळू' म्हणाले. तिसरीवर श्रीखंड परत आलं.

उभं राहता यायला लागल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही, वही मागितली. वळणदार इंग्रजीत लिहिलं की ड्रायव्हरने चार वाजून वीस मिनिटांनी रस्ता सोडला आणि नंतर तो रस्त्यावर आलाच नाही.

शनिवारी दिघेला आत बोलावणं आलं. रस्ता सोडण्याचेच तर आपण पैसे घेतो, हे त्याने परोपरीने सांगितलं. मुदीरने शांतपणे ऐकून घेतलं. "हबीबी, वो मुझे मालूम है। लेकिन कस्टमर ने लिखा है ना?" तक्रार नंबर एक.

*

दुसरी तक्रार सूर्याबद्दल होती. त्या दिवशी हवेत धूळ होती. सूर्य क्षितिजाच्या हातभर वर असतानाच भुरकट झाला आणि दिसेनासा झाला. पुण्याहून आलेलं एक जोडपं तिपाईवर कॅमेरा लावून, नवा रोल घालून तयार होतं. नवरा दिघेला म्हणाला की ब्रोशरमध्ये सूर्यास्ताचा फोटो आहे, तसा हवा. दिघे म्हणाला, आज हवाच अशी आहे. 'मग तसं आधी कळवायला हवं होतं,' असं म्हणत नवऱ्याने वहीत इंग्रजीत तीन शब्द लिहिले, 'सनसेट नॉट गिव्हन'.

मुदीरने वही दिघेपुढे सरकवली. "दिघे, सनसेट क्यों नहीं दिया?"

  मुदीर म्हणाला की दोन झाल्या, तिसरी आली तर खलास.

ऑफिसातले आम्ही सगळे त्या दिवशी जेवताना पोट धरून हसलो. दिघे हसला नाही. तिकडे नोकरी गेली की व्हिसा जातो, मग महिन्याभरात संसार खोक्यात भरायचा. त्याची सई नुकतीच पहिलीत गेली होती आणि शारजाच्या दोन खोल्यांत तिच्या आईने काडी काडी जमवून संसार उभा केला होता. डबा न उघडताच तो कॅम्पवर निघून गेला. हसल्याची मला लाज वाटली, ती अजून वाटते.

*

अबू धाबीकडच्या मुसफ्फातल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक इंजिनिअर आमचे नेहमीचे गिऱ्हाईक. दर पंधरवड्याला पाहुणे घेऊन यायचे आणि प्रत्येक वेळी मला सांगायचे, "मला नाही हो हौस, पाहुण्यांसाठी यावं लागतं."

त्या मोसमात ते अकरा वेळा आले. बाराव्या वेळी पहिल्यांदाच बायकोला आणलं. नाच सुरू झाला. नाचणारी बाई सवयीने सरळ त्यांच्याकडे आली, कमरेचा रुमाल सोडून त्यांच्या हातात धरायला दिला आणि सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे म्हणून इंग्रजीत विचारपूस केली. सासूबाईंची मुलगी शेजारीच बसली होती.

निघताना तिने वही मागितली. दिघेचा जीव टांगणीला, ही तिसरी! पण तिला लिहायचं नव्हतं, वाचायचं होतं. नवऱ्याच्या अक्षरातले अकरा अभिप्राय तिने बोट लावून शोधून काढले. सगळ्यांत एकच वाक्य होतं, नृत्य उत्तम.

त्यानंतर पाहुण्यांना घेऊन ती एकटी यायची.

*

आता आपटे.

आपटे म्हणजे दिघेचे सासरे. पुण्याचे, सरकारी ऑडिट खात्यात पस्तीस वर्षं काढलेले. हा माणूस लग्नाच्या पंगतीतून उठताना यजमानाला सांगायचा की अळूच्या भाजीत दाणे कमी होते. खोटं बोलायचा नाही आणि खरं पोटात ठेवायचा नाही. मुलीचं लग्न त्यांनी दिघेशी कसंबसं मान्य केलं होतं. दुबईत टूर कंपनीत, म्हणजे नक्की काय करतो, हा त्यांचा प्रश्न आठ वर्षं तसाच होता.

ते मुलीकडे आले आणि सफारीला जायचं ठरलं. दिघे माझ्या काउंटरशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, सरळ सांगून टाक ना त्यांना, वहीत काही लिहू नका म्हणून. नोकरीचा प्रश्न आहे.

"ताई, सासऱ्यापुढे नोकरीची भीक मागू? त्यापेक्षा घरी गेलेलं बरं."

म्हणून त्या संध्याकाळी मीही कॅम्पवर गेले. सरकारी माणूस इंग्रजीतच लिहिणार आणि मुदीर ते स्वतः वाचणार, असं आम्ही धरलं होतं, म्हणून माझ्यावर एकच कामगिरी होती, वही लपवायची.

आपटे गाडीत पुढे बसले होते, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. सूर्य मावळायला लागला तशी सई त्यांचा हात ओढून म्हणाली, "Ajoba, now you have to say wow." आजोबा म्हणाले, "अजून पुरता मावळलेला नाही." मावळल्यावर त्यांनी घड्याळात वेळ पाहून घेतली. उंटावर बसले, उतरले. मेंदीला नाही म्हणाले. नाचाच्या वेळी सगळे पुरुष पुढे सरकले, पण आपट्यांचं लक्ष नाचाकडे नव्हतं. दिघे जाईल तिकडे त्यांची मान फिरत होती. तो म्हाताऱ्या बायकांना उंटावरून उतरवून घेत होता, ड्रायव्हरांची पानं वाढत होता, आणि सगळ्यांचं झाल्यावर तंबूमागे उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकत होता.

जेवणं झाली. आपटे दाराशी गेले आणि रिकामी दोरी हातात घेऊन परत आले. अभिप्रायाची वही असायला हवी, इथे तर नुसती दोरी आहे, असं ते सर्वांदेखत म्हणाले. दिघे आकाशाकडे बघायला लागला. मी लोडाला टेकून, गालिच्यावर घट्ट बसून होते.

"बाई, तुम्ही ज्यावर बसला आहात, ती तर नव्हे?"

उठले. काय करणार? दिव्याखाली बसून त्यांनी वीस मिनिटं लिहिलं. दिघेने गाडीत बसताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी मुदीरने वही माझ्यापुढे ठेवली. दिघे दारात उभा. चक्क मराठीत होतं. मी मनात वाचलं, ते असं होतं:

'१. प्रस्थान साडेतीन वाजता असे कळवले होते. गाडी तीन एकोणचाळीसला आली.
२. वाळवंट दाखवण्याचे आश्वासन होते. गाडीत डोळे मिटून बसावे लागल्याने ते पाहता आले नाही.
३. उंटाची सफर म्हणजे उंट उभा राहणे व पुन्हा बसणे.
४. सूर्यास्त समाधानकारक. तथापि त्यात कंपनीचा काही हात नाही.
५. शाकाहारी बार्बेक्यू म्हणून बटाटा देण्यात आला. एक.
६. नृत्यांगना मेहनती आहे. प्रेक्षकांना ओढून नाचवणे गैर.
७. श्री. दिघे हे जावई असल्याने त्यांच्या कामाविषयीचे मत राखून ठेवत आहे.'

खाली सही, तारीख आणि पुण्याचा पत्ता.

"क्या लिखा है, मैडम?"

मी दिघेकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, बहुतेक महिना मोजत असावा. मी घसा साफ केला. म्हटलं, सर, फार मोठे सरकारी अधिकारी आहेत. टाइम का एक-एक मिनट का हिसाब देखा। गाडीत आँखें बंद हो गईं, इतना मज़ा आया। ऊंट उठा भी और बैठा भी। सनसेट समाधानकारक, म्हणजे फर्स्ट क्लास. आलू मिला। डान्सर मेहनती. "और दिघे के बारे में तो लिखते हैं, अभी कुछ बोल ही नहीं सकते।"

मुदीर खुर्चीतून उठला. एवढ्या वर्षांत आकडे घालून केलेली स्तुती त्याने कधी पाहिली नव्हती. दुपारपर्यंत त्या पानाची मोठी झेरॉक्स निघाली, संध्याकाळी सोनेरी चौकट आली आणि सातही आक्षेप माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर लागले.

*

ते वर्ष दिघेने कसं काढलं ते तोच जाणे. मराठी गिऱ्हाईक आत आलं की आधी भिंत वाचायचं, मग माझ्याकडे बघायचं. कुणी तोंडावर रुमाल धरायचं. मुदीर काचेमागून बघून खूश व्हायचा. ठाण्याचे एक गृहस्थ चौथ्या कलमापाशी थांबले, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, जी कंपनी हे भिंतीवर लावते ती फसवणार नाही. आठ सीट बुक करून गेले. मराठी बुकिंगं त्या वर्षी इतकी वाढली की मुदीरने दिघेचा पगार वाढवला. पण कुणीतरी सांगेल आणि सगळं संपेल, या भीतीने त्याला रात्ररात्र झोप यायची नाही.

सांगितलं कुणीच नाही. पुढच्या हिवाळ्यात आपटेच आले.

दिघे त्यांना ऑफिसात आणायला तयार नव्हता, पण ते सईचं बोट धरून आपले आपण आले. चौकटीसमोर उभे राहिले. चष्मा बदलला. पहिल्या कलमापासून सहीपर्यंत सगळं वाचलं. तेवढ्यात मुदीर धावत बाहेर आला, त्याने दोन्ही हातांत त्यांचा हात घेतला आणि सांगितलं की अंकल, हे तुमचंच, यामुळे आमचा धंदा वाढला.

आपट्यांनी दिघेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आम्ही दोघांनी फरशीकडे पाहिलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडण्यात घालवलेला माणूस तो, त्याला किती वेळ लागणार?

"वही आहे का?" त्यांनी विचारलं.

मुदीरने स्वतः आणून दिली, पेनही स्वतःचं दिलं. आपट्यांनी उभ्याउभ्या, काउंटरवर टेकून लिहिलं, सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. दोनच ओळी होत्या.

'मागे लिहिलेले कायम.
राखून ठेवलेले मत: श्री. दिघे माणूस चांगला आहे.'

"क्या लिखा, मैडम?"

या वेळी मला काही फिरवावं लागलं नाही. जसं होतं तसं सांगितलं. दिघे आमच्याकडे पाठ करून वॉटर कूलरपाशी उभा होता. त्याच्या हातातला ग्लास कधीच भरला होता आणि पाणी बुटांवर सांडत होतं.

मुदीरने वही उलटसुलट करून पाहिली आणि हिरमुसून मला म्हणाला, "बस, इतना ही? लास्ट टाइम तो कितना तारीफ किया था!"