एक कीबोर्ड, तीन कॉम्प्युटर

सुरतेजवळ उधन्याच्या ज्या साडी-छपाईच्या कारखान्यात मी डिझाइनचं काम करतो, तिथे तीन कॉम्प्युटर आहेत. माझा मॅक, ऑर्डरींचा विंडोजवाला, आणि काचेपलीकडे छपाई मशीनचा, तो लिनक्सवर चालतो. तिघांचे कीबोर्ड वेगळे, माउस वेगळे. हे मला गावंढळ वाटायचं. मग मी एक प्रोग्राम टाकला. माउस मॅकच्या कडेला नेला की बाण थेट पुढच्या स्क्रीनवर उतरायचा आणि कीबोर्ड त्याच्या मागोमाग. शेठला बोलावून हा खेळ दाखवला तेव्हा माझी कॉलर काय ताठ होती. मूर्ख कुठला मी.

कॉपीला मॅकवर वेगळं बटण, विंडोजवर वेगळं, हे सांगत होतो तेव्हा शेठ जांभया देत होता. एक गोष्ट मात्र त्याला चटकन कळली. "हवे एक माणस बस छे," म्हणाला, म्हणजे आता एकच माणूस पुरे.

मशीनवर काका होते. धुळ्याकडचे, माझ्या वडिलांबरोबर सुरतेला आलेले. मला इथे त्यांनीच चिकटवलं होतं. महिनाअखेर त्यांना घरी बसवलं. मी त्यांचा कीबोर्ड उचलून कपाटात ठेवला, मोठा शहाणा.

नवा तागा मशीनवर चढला की काका बोटं पाण्यात बुडवून कापडाच्या काठाला चोळायचे. क्रेपची सुलटी बाजू डोळ्यांना फसवते, बोटांना नाही. ती सापडली की मगच एंटर दाबायचे. मी हसायचो. म्हणायचो, काका, कॉम्प्युटर असताना हे काय पाणी-पाणी खेळताय.

पंधरा दिवस झाले नसतील, मी एसीत बसून एंटर दाबला आणि अख्खा तागा उलट्या बाजूवर छापला. लग्नाच्या साड्या होत्या. रंग असे रडके आले की बघवेना. आता शेठला काका आठवले. बोलाव त्यांना, म्हणाला. फोनही मीच लावायचा.

काका भेस्तानला दुसऱ्या कारखान्यात लागले होते. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "मी नाही येत आता. तू काचेपलीकडे जा, बोटं ओली कर. शिकवतो फोनवर."

मी गेलो. बोटं ओली करून काठ चोळत राहिलो. "काय लागतंय हाताला?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. दोन्ही बाजू मला सारख्याच लागत होत्या.