थप्पीतली पोकळी

वाया जाणारी वस्तू पाहिली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हा माझा जुना दोष आहे. पाकिटं उलटी करून त्यांच्या आतल्या बाजूवर मी हिशेबाची आकडेमोड करत असे, आणि जेवताना पानात कुणी भाताचं शीत टाकलं तर माझाच घास अडे. अशा माणसाला पुसदच्या एका सोसायटीनं गोडाऊनकीपर म्हणून नेमलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि माझी नेमणूक तात्पुरती होती.

तात्पुरतेपणाचं मला एरवी काही वाटलं नसतं, पण उमरखेडची एक मुलगी मला पसंत पडली होती. तिचे वडील सगळा जन्म कचेरीत घालवलेले गृहस्थ. "नोकरी कायम झाली की तारीख काढू," असं त्यांनी चहाचा कप खाली ठेवतानाच सांगून टाकलं. म्हणजे माझं लग्न सोसायटीच्या साहेबांच्या हातात गेलं.

साहेबांची अडचण वेगळीच होती. सोसायटीचं गोडाऊन बारा महिने भरलेलं असे, म्हणून रस्त्यापलीकडचं एक शेड भाड्यानं घ्यावं लागलं होतं. अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे, आणि काय कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. "तुम्ही ते शेड सोडवून दाखवा, मी तुमचं नाव वर पाठवतो," साहेब म्हणाले. मी दारात उभा राहून पाहिलं. खरोखरच पत्र्यापर्यंत पोतीच पोती. सुई घालायलाही जागा नव्हती.

मग एके दुपारी ज्वारीची थप्पी खोकली.

मी दचकलो. तेवढ्यात पोत्यांच्या भिंतीतल्या एका फटीतून मुकादम तिरका होऊन बाहेर आला. आमचे आठही हमाल गावाबाहेरच्या एकाच बंजारा तांड्यातले, आणि पांढऱ्या मिशांचा हा मुकादम त्यांच्यात वडीलधारा. त्यानं मला तसंच तिरकं करून आत नेलं. मधोमध चांगली खोलीएवढी मोकळी जागा! कोपऱ्यात पाण्याचा माठ, पोत्यात खुपसलेल्या हुकाला तंबाखूची पिशवी, आणि एक हमाल तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला. माझ्या लग्नाची एक पंगत तिथं सहज उठली असती.

"हे काय आहे, मुकादम?" मी ओरडलो.

"बाबू, आमच्या आज्यानं बैलावर माल वाह्यला," तो शांतपणे म्हणाला. "मुक्काम आला का चारी बाजूनं गोण्यायचा कोट करे, अन् मानसं कोटाच्या आत. आमच्या हातानं थप्पी लागते ते अशीच लागते."

म्हणजे बैल गेले, मुक्काम गेले, वरती पत्रा आला, आणि कोट मात्र चालूच! साहेब दारातून बघत, मी दारातून बघे, आणि दोघंही 'भरलं' म्हणून परत फिरत असू.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमाल भाकरी खायला बसले असताना मी मोजायचा टेप घेऊन आत शिरलो. आत धान्य म्हणून चपला फटीबाहेर काढायच्या हा त्यांचा नेम मीही पाळला. लांबी, रुंदी, उंची मोजली. पलीकडच्या शेडातला सगळा माल या पोकळीत मावत होता. मला इतका आनंद झाला की मी तिथंच मांडी घालून साहेबांना द्यायचा अहवाल लिहायला घेतला. मान वर केली तेव्हा फट नव्हती. बाहेर गाड्या आल्या होत्या आणि हमालांनी नवी पोती नेमकी तिथंच लावली होती. वर चढायला गेलो तर थरच हलायला लागले.

हाक मारणार, एवढ्यात भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला. उमरखेडच्या एसटीनं मुलीचे वडील आले होते.

"गोडाऊनकीपर कुठं आहेत?"

"हायेत ना, इथंच हायेत," मुकादम म्हणाला.

"दिसत नाहीत."

"लई आत शिरून काम करते ते."

मी नाक दाबून शिंक गिळली. हमालांनी ज्वारीत चिणलेल्या माणसाला आपली मुलगी कोण देईल?

"माणूस कसा आहे? खरं सांगा, मुलगी द्यायची आहे."

"चिक्कट हाय. पन खोटा नाही."

"कायम कधी होतील?"

"समोरचं शेड सुटलं का होतील. मंग तिथं हायेत ते आमचे चौघं घरी बसतील. पन याचं लगन तं होऊन जाईल."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मीही रागावून मोकळा झालो असतो. कुठं वीतभर जागा वाया जाते तेही मी शोधलं होतं, आणि चार घरांच्या चुली माझ्या आकडेमोडीत कुठंच नव्हत्या. मला मनापासून लाज वाटली.

पाहुणे गेल्यावर मुकादमानं पोती सरकवली.

"मी आत आहे हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"चपला काय एकट्याच चालत आल्या? पाव्हन्यासमोर नवरदेव थप्पीतून काढला असता, तं लगन तिथंच मोडलं असतं ना, बाबू."

मी अहवाल नव्यानं लिहिला. पोकळी भरावी, शेड सोडावं, आणि चौघांना तळचा जुना माल पुढे आणायला ठेवावं, कारण नवी पोती वर पडत गेल्यानं तळच्या ज्वारीला सोंडकिडे लागतात. साहेबांनी सगळं मान्य केलं आणि शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "भाड्याचे वाचले त्यातले बरेचसे हमालांवर गेले. तुमचं कायम पुढच्या वर्षी बघू." मी तीन दिवस कुणाशी धड बोललो नाही. चांगुलपणाचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

चौथ्या दिवशी उमरखेडला जाऊन मुलीच्या वडिलांना सगळं खरं सांगितलं, थप्पीतल्या शिंकेसकट. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"म्हणजे कायम नाही झालात."

"नाही. आणखी एक वर्ष."

त्यांनी अडकित्ता मिटून तबकात ठेवला. मी टोपी उचलली. तेव्हा आतल्या दारामागून, जिचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता, ती स्पष्ट म्हणाली, "बाबा, आणखी वर्षभर ठेवायला मी काय ज्वारीचं पोतं आहे?"

वडिलांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फडताळातून पंचांग काढलं.