दिवा लागायच्या आधी

बटण दाबण्याच्या बाबतीत मामांना कोणी काही शिकवावं, असा माणूस अजून जन्माला यायचा होता. अकरा मजल्यांच्या एका कचेरीच्या इमारतीत ते चौतीस वर्षं लिफ्टमन होते. लहानमोठे सगळे त्यांना मामाच म्हणायचे, त्यामुळे त्यांच्या बायकोलाही आपसूक मामी व्हावं लागलं.

लिफ्टमन म्हणजे स्टुलावर बसून बटणं दाबणारा, अशी लोकांची समजूत असते. "ती खरीच आहे," मामा म्हणायचे, "पण कधी दाबायचं यात सगळी कला आहे!" माणसाने मजला सांगितल्यावर बटण कोणीही दाबेल. मामा तो सांगायच्या आधीच दाबायचे. काखेत फाईल आणि पडलेला चेहरा म्हणजे नववा. हातात डबा म्हणजे चौथा. अत्तराचा घमघमाट म्हणजे सातवा, आणि तेव्हा स्टुलावरून उठून उभंही राहायचं.

चुका व्हायच्या. एकदा गाल धरून आलेला एक लाजाळू तरुण पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे निघाला होता. त्याचा रडवेला चेहरा बघून मामांनी त्याला सहाव्यावर सोडलं, कारण त्या दिवशी तिथे नोकरीच्या मुलाखती चालू होत्या. भिडेपोटी तो रांगेत बसला, विचारलेल्या दोन प्रश्नांना कण्हून उत्तरं दिली आणि निवडला गेला. पुढे एकवीस वर्षं तो त्या कचेरीत होता. दात मात्र किडकाच राहिला. मामा ही गोष्ट स्वतःच्या यशांमध्ये मोजायचे.

पुढे लिफ्ट आपली आपण चालायला लागली आणि मामा घरी आले. घर दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. उतरताना शेवटची पायरी त्यांना हटकून चुकू लागली. पहिल्यांदा त्यांनी जिन्याला दोष दिला. दुसऱ्यांदा चपलेला. तिसऱ्यांदा गुडघा फुटला तेव्हा म्हणाले, "अगं, जन्म गेला लिफ्टमध्ये. पायऱ्यांशी माझी ओळखच कुठे झालीय?"

"पायऱ्यांशी नसेल, पण डोळ्यांच्या डॉक्टरशी होईल आता," मामी म्हणाल्या आणि त्यांना इस्पितळात घेऊन गेल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. डोळ्यामागची नस हळूहळू मरते आणि मेलेली परत येत नाही. थेंब सुरू झाले. त्याशिवाय तिथे एक संशोधन चालू होतं. आहारातल्याच एका जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली, तर उरलेली नस टिकते का, हे बघायचं होतं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार.

"चालेल की," मामा म्हणाले. "आमच्या कचेरीतही निम्मी माणसं पोकळच होती. कोणती ते साहेबांनाही कळायचं नाही."

खाली जाताना मामींनी काही बोलायला तोंड उघडलं, तोवर मामांनी तळमजल्याचं बटण दाबलं होतं. संध्याकाळी बागेतल्या बाकावर त्यांनी चार जुन्या सोबत्यांना जाहीर करून टाकलं, "विज्ञानाला माझी गरज लागलीय."

विज्ञानाची मात्र आधी एक अट होती. पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड खुपसून बसायचं. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडेच बघायचं. आजूबाजूला कुठेतरी बारीकसा दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं.

बटण! मामांना हसूच आलं. बसल्याबसल्या त्यांनी बटणाचा असा धडाका लावला, की यंत्रावरच्या ताईने मान वर करून बघितलं. कागद बाहेर आला. त्यावर छापलं होतं: तपासणी विश्वसनीय नाही.

चौतीस वर्षं ज्याच्या भरवशावर अख्खी कचेरी वरखाली झाली, त्याला एका घमेल्याने हे सांगावं!

"काका," ताई म्हणाली, "मधेमधे यंत्र मुद्दाम दिवा लावतच नाही. तेव्हाही तुम्ही दाबलंत."

"येणारच होता की तो."

"कोण?"

"दिवा!"

"अहो काका, आल्यावर दाबायचं. येणार म्हणून नाही."

दुसऱ्या खेपेआधी मामांनी घरी सराव केला. हातात टिकटिक वाजणारं पेन घेऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. मामींनी मागून बॅटरी लावायची, भिंतीवर उजेड दिसला की यांनी पेन वाजवायचं.

टिक.

"मी हात पण हलवला नाही!" मामी म्हणाल्या.

"हलवणार होतीस."

"दूध उतू चाललंय, ते बघायला उठत होते मी! अहो, तुम्हाला थांबणं म्हणून माहीत नाही. मी नुसतं 'अहो' म्हटलं की तुम्ही 'हो' म्हणून मोकळे. आणि मग तासाभराने येऊन विचारता, काय म्हणत होतीस?"

याला मामांनी "हो" म्हटलं आणि जीभ चावली.

दुसरी तपासणी पहिलीपेक्षा वाईट झाली. कारण आता मामांना यंत्राची लय सापडली होती. दोन मजल्यांमधे लिफ्टला लागतो तेवढा वेळ मनात मोजायचा आणि दाबायचं. आपल्या हुशारीवर खूश होऊन ते बाहेर आले, आणि कागदावर पुन्हा तेच तीन शब्द, वर चुकांची टक्केवारी वाढलेली.

या वेळी डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काका, तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा असंच झालं तर अभ्यासात घेता येणार नाही. थेंब चालू राहतील, पण ही गोळी मला अभ्यासाबाहेर देता यायची नाही. आणि खरं सांगू? तुमची नस किती उरलीय, तेच आम्हाला कळत नाहीये."

त्या दिवशीही लिफ्टमध्ये मामी काही बोलायच्या आत मामांनी तळमजल्याचं बटण दाबलं. 

रात्रभर त्यांनी स्वतःला फैलावर घेतलं. बाकावरच्या चौकडीला काय सांगायचं? विज्ञानाने गाठ पडताच काडीमोड दिला म्हणून? ते ठीक होतं, चौकडीच्या हसण्याची त्यांना सवय होती. पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनी उशीलाही सांगितली नाही. घमेल्यात अंधार लांबला की तो त्यांना सोसायचा नाही. न दाबणं म्हणजे दिसलं नाही असं कबूल करणं. तेवढं एक त्यांना नको होतं, म्हणून बोट धावायचं.

तिसऱ्या खेपेला ताईने दार उघडलं, तेव्हा मामींनी त्यांची बाही धरली. "ऐका. आत गेल्यावर फक्त तो दातवाला आठवा."

"कोण, सहाव्या मजल्यावरचा?"

"पाचव्या! पाचव्यावर जायचं होतं बिचाऱ्याला."

मामा यंत्रात तोंड घालून बसले. पिवळा ठिपका. पहिला दिवा दिसला, दाबलं. दुसरा दिसला, दाबलं. मग काहीच नाही. बोट शिवशिवायला लागलं. मामांच्या डोळ्यांसमोर तो तरुण उभा राहिला, गाल धरून, तोंड उघडायच्या बेतात. सांगू दे बाबा त्याला. थांब. तरी काहीच नाही. दिवा लागलाच नाही, की लागला आणि मला दिसला नाही? हे कळायला काही मार्ग नव्हता. दार उघडं आहे, आत कोणी आलंय का तेच कळत नाही, आणि आपण स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलोय. चौतीस वर्षांत इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. कपाळावरून घामाचा एक थेंब नाकापर्यंत येऊन लोंबकळला. तोही त्यांनी पुसला नाही.

कागद आला. ताईने आधी वरची ओळ वाचली आणि हसली. "झालं काका! एकदम विश्वसनीय."

मामांची छाती फुगली. मग त्यांनी खालचं चित्र बघितलं आणि ती जागच्या जागी बसली. वर्तुळाचा खालचा भाग, दौत कलंडावी तसा, काळा होता.

"मागच्या दोन्ही चित्रांत हे सगळं पांढरं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मीच चुना मारला होता," मामा म्हणाले. मग त्या काळ्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे शेवटची पायरी इथे आहे होय! आणि मी बिचाऱ्या चपलेला शिव्या घालत होतो."

मामी हसल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं.

"वरचं बरंच शाबूत आहे, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेवढं राखायचं बघू. दुसऱ्या डोळ्याचंही आता नीट समजेल. सही करा इथे, नाव घेतेय तुमचं." मामांनी सही केली. गोळ्यांची बाटली मिळाली. खरी की पोकळ, ते दोन वर्षांनी कळणार होतं.

लिफ्ट आली. दोघं आत शिरली. मामांचं बोट सवयीने उठलं, तळमजल्याच्या बटणापासून अर्ध्या इंचावर पोचलं आणि तिथेच थांबलं. दार बंद झालं. लिफ्ट उभीच.

"काय झालं? बिघडली का?" मामी म्हणाल्या.

"नाही." मामांनी घसा खाकरला. "कुठे जायचंय तुला?"

मामींनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू आता खरोखर कोणा मेंदूच्या डॉक्टरला दाखवावं लागणार. मग म्हणाल्या, "वर."

"वर?"

"पाचव्यावर कँटीन आहे. पाटी लावलीय खाली दारातच. पहिल्या दिवसापासून चहा प्यायचाय मला इथे."

"मग बोलली का नाहीस?"

मामींनी बटणापाशी अजून थांबलेल्या त्यांच्या बोटाकडे बघितलं. 

"हो," मामा म्हणाले आणि पाच दाबलं.