जिजाबाईनं पाडलेला हप्ता

मुर्धा गावच्या जिजाबाईनं उभ्या जन्मात सांगितल्या भावानं काही घेतलं नव्हतं. रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन ती सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर बसायची. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तिनं कधी तोडलं नाही. शंभराचा मांदेलीचा वाटा ऐंशीला मागितला, की "घे बाबा, भवानी हाय," म्हणायची आणि पिशवीत ओतता ओतता ओल्या तळव्याखालनं चार मांदेल्या परत टोपलीत सरकवायची. गिऱ्हाईक खूश, बाईलाही खोट न्हाय.

पराग असंच रोजचं गिऱ्हाईक. समोरच्या इमारतीत राहायचा, विमा विकायचा. गेल्याच्या गेल्या श्रावणात तिच्या नवऱ्याची, लीलाधरची, साखर तीनशेच्या वर गेली, तेव्हा तिनंच त्याला हाक मारली.

"माझ्या म्हाताऱ्याला दवाखान्याचा इमा दे. पन ताजा दे, शिळा नको."

परागनं मोबाइलवर हप्ता काढून दाखवला.

"यवरा? आरं, पापलेट इकतोस का काय?"

"मावशी, काकांना साखर आधीपासून आहे. साखरेपायी डोळे, किडनी, पाय, काय बिघडेल त्याचा खर्च यात महिन्याभरातच सुरू होतो. म्हणून जास्त."

"कमी कर."

"होईल कमी. पण मग साखरेच्या दुखण्याला तीन वर्षं थांबावं लागेल. बाकीचं आहेच."

"बाकीचं हाय ना? मग कर की!"

परागनं दोनदा बोट फिरवलं, हप्ता उतरला. जिजाबाईनं अंगठा टेकवला आणि कंपनीला कसं वाकवलं ते आख्ख्या मुर्ध्याला सांगत सुटली.

यंदा चैत्रात लीलाधरच्या टाचेत शिंगाळा माशाचा काटा मोडला. साखरेनं पाय बधिर, त्याला कळलंच नाही. आठवड्यानं घरात वास सुटला. कोळ्याचं घर, वासाकडं कोण बघतंय? पाय काळा पडला तेव्हा धावाधाव झाली.

मीरा रोडच्या खासगी दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, नस आजच मोकळी केली तर पाय वाचेल. जिजाबाईनं विम्याचं कार्ड पुढं केलं. विम्याच्या खिडकीवर बसणाऱ्या निशिगंधानं तासाभरानं ते परत दिलं.

"आजी, कंपनी नाही म्हणतेय. साखरेला तीन वर्षं आहेत. तुमची दोनही झाली नाहीत."

"त्याला काटा लागलाय! साखर कुटं आली?"

"काटा नुसता काढून भागलं असतं, आजी. पाय सडला तो साखरेनं."

तिनं परागला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, मी सांगितलं होतं. कमी कर, तुम्हीच म्हणालात."

जिजाबाई आपल्या उजव्या तळव्याकडं बघत राहिली. भाव तिनं पाडला होता; वाट्यातनं काय काढलं ते बघितलं नव्हतं.

रोख भरायला पैसे नव्हते; सरकारी दवाखान्यात खाट मिळेस्तोवर तीन दिवस गेले. लीलाधरचा पाय गुडघ्याखाली कापला.

श्रावणात पराग टोपलीपुढं उभा राहिला. मांदेलीचा वाटा मागितला, भाव केला नाही.

"मावशी, हप्ता भरायचाय. आता सोडलात तर काढलेली वर्षं फुकट जातील."

शेजारी बसणारी आशा फिस्कारली, "पाय गेला की न्हाय? आता काय त्यो पुरायला इमा भरतेस?"

"दुसरा हाय अजून," जिजाबाई म्हणाली. मग परागकडं वळली. "काय काय हाय ते ऱ्हाऊ दे. काय न्हाय ते सांग."

पराग सांगत गेला. हप्ता ऐकून ती 'कमी कर' म्हणाली नाही.

"आता कवरा येळ ऱ्हायलाय?"

"साखरेला? एक वर्ष."

तिनं वाटा पिशवीत ओतला, एकही मांदेली मागं न ठेवता.

"घरी गेले की सांगते म्हाताऱ्याला," ती म्हणाली. "वरीसभर खाटंवरनं उतरू नको म्हनून."